पोळ्याचं आवतन

दुपारी नातीसोबत टीव्हीवर पाहिलेला सिनेमा पुंजारामच्या डोक्यातून जाईना. त्यात बोलणारा घोडा राजाच्या पंगतीला बसला होता अन् मुके घोडे गाडी ओढत होते. "आबा, मुक्या घोड्यायला काहून न्हाई वाढलं?" नात सारखी विचारत होती.

उद्या पोळा. सांजेला गोठ्यात त्यानं मोऱ्या बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळलं अन् दरसालासारखं कानात सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

"येतो," मोऱ्या म्हणाला.

पुंजारामनं हळद-तुपाची वाटी उचलली. घाईघाईनं तो शेजारच्या हौशा बैलाकडं वळला. त्याच्याही कानात त्यानं तेच सांगितलं. हौशा नुसता रवंथ करत राहिला. पुंजारामला जरा हायसं वाटलं.

मागून मोऱ्याचा शांत आवाज आला, "त्याला काहून बोलावून राह्यले, मालक? जनावर हाय ते."