दुसऱ्या दिवशीची विचारपूस

बायको गेल्याचं डॉक्टरांनी सुताराला सांगितलं, तेव्हा तिचा नवा वॉकर पलंगाशेजारीच उभा होता.

आदल्या दिवशी सकाळी तिच्या खुब्याचा सांधा बदलला होता आणि संध्याकाळी ती घरी आली होती. हल्ली तसंच सोडतात. "पंक्चरची सायकलसुद्धा इतक्या लवकर परत मिळत नाही," असं म्हणत तिने स्वतःच्या पायांनी उंबरा ओलांडला होता.

"गुठळी असणार. पायातून वर सरकली," डॉक्टर म्हणाले आणि गेले.

मागच्या गल्लीत राहणारी मेहुणी धावत आली होती. तिने त्याच्या हातात फोन दिला. "भावोजी, पोरीला तुम्हीच सांगा. आईचं करायला म्हणून निघालीय ती. वाटेत असेल."

तो नंबर शोधत होता, तेवढ्यात फोन वाजला. हॉस्पिटलमधली नर्स होती. ऑपरेशनच्याच दिवशी घरी सोडलेल्या पेशंटची ती दुसऱ्या सकाळी चौकशी करायची.

"काय काका, कशा आहेत आमच्या बाई? झोप लागली का रात्री?"

"लागली."

"फार दुखलं नाही ना?"

"म्हणाली तरी नाही."

"खुर्ची उंच करून घेतलीत?"

"पायांना ठोकळे ठोकलेत. डुगडुगत नाही."

"आणि चालल्या का?"

"पहाटे चालली. बाथरूमपर्यंत जाऊन आली. मला धरू दिलं नाही."

"शाब्बास. मग आज जरा जास्त चालवा. उद्या करते मी फोन."

"बरं," तो म्हणाला.

मेहुणी डोळे पुसायची थांबली. "अहो, हे काय बोललात तिच्याशी?"

"विचारलं तेवढं सांगितलं." त्याचा आवाज रोजच्यासारखाच होता. त्याचं त्यालाच ते विचित्र वाटलं. "खोटं काही बोललो नाही मी."

मेहुणी भिंतीला टेकून खाली बसली.

त्याने पोरीचा नंबर लावला. तिने लगेच उचलला. मागे बसचा आवाज येत होता.

"बाबा, पोचतेच आहे मी. आधी आईला दे फोन."

तो उठला. फोन घेऊन आत पलंगापाशी गेला आणि हात पुढे करून तसाच उभा राहिला.

"आई?" फोनमधून आवाज आला. मग, "बाबा?"

तिला सांगायचं अजून राहिलं होतं.