उणे चाळीस

चैतालीनं उणे चाळीसचं कार्ड दोरीच्या पार उजव्या टोकाला चिमट्यानं अडकवलं आणि सहावीचा वर्ग हसला. दोरीवर डावीकडे सगळ्यांत लहान, उजवीकडे सगळ्यांत मोठी, अशा क्रमानं संख्या लावायच्या होत्या. तिनं चारालाही मागे टाकलं होतं.

मोघेबाई वैतागल्या. सकाळी प्रार्थनेला हीच मुलगी मोकळे केस घेऊन आली होती आणि त्यांनी तिला रांगेबाहेर उभं केलं होतं. "उणे चाळीस चारापेक्षा मोठे कसे गं?"

"आई मासळीच्या कारखान्यात आहे, बाई. चार अंशांच्या खोलीत ती नुसत्या साडीवर जाते. उणे चाळीसच्या खोलीत दोन स्वेटर आणि हातमोजे लागतात. तरी रात्रपाळीहून घरी येते तेव्हा तिची बोटं वळत नाहीत. वेण्या घालता येत नाहीत तिला."

बाईंनी ते कार्ड काढून डाव्या टोकाला लावलं. "संख्या म्हणून हीच सगळ्यांत लहान. पण शून्यापासून सगळ्यांत लांबही हीच. तू ते अंतर मोजलंस. त्याला केवलमूल्य म्हणतात."

मधल्या सुट्टीत त्यांनी तिला जवळ बोलावलं. रिबिनी दप्तरातच होत्या, नीट गुंडाळलेल्या. दुसरी वेणी होत आली तेव्हा चैताली हळूच म्हणाली, "बाई, रात्रपाळी शनिवारपर्यंत आहे."

"मग शनिवारपर्यंत प्रार्थनेआधी दहा मिनिटं येत जा."