सावलीतली दोरी

रविवारी सकाळी मंजिरीने पडदे धुवायला काढले. पडद्यांनंतर चादरी, चादरींनंतर उशांचे अभ्रे. तन्वीचा शाळेचा युनिफॉर्म मोरीच्या कोपऱ्यात वेगळा पडला होता. एरवी शनिवारी दुपारी पोरगी शाळेतून आली की तो आधी धुतला जायचा. थंडीचा एकच युनिफॉर्म होता, सोमवारी तोच घालून परत शाळेत जायचं.

पंधरा दिवसांतून एकदा, शनिवार दुपार ते रविवार संध्याकाळी पाच, एवढीच तन्वी तिची. बाकीचे दिवस शहराच्या दुसऱ्या टोकाला मुरारला, बापाकडे, म्हणजे अभिरामकडे, आणि आजीकडे. वेगळं होताना कागदावर तसंच ठरलं होतं. पण मागच्या खेपेला दोन दिवस धुकं हटलंच नाही, युनिफॉर्म ठिबकत राहिला, आणि अभिराम फोनवर म्हणाला, राहू दे मग, सकाळी तूच शाळेत सोड. त्या जास्तीच्या रात्री तन्वी आईच्या पोटावर पाय टाकून झोपली होती. सकाळी तिची वेणी मंजिरीने घातली होती, डबा मंजिरीने भरला होता.

आज मात्र दहालाच धुकं विरलं आणि समोरच्या डोंगरावरचा किल्ला लख्ख दिसायला लागला.

अकराच्या सुमारास तिने युनिफॉर्म हातात घेतला. पांढरा शर्ट एका बादलीत, करडा स्कर्ट दुसरीत. निळं स्वेटर पाण्यात टाकण्याआधी तिने नाकाशी धरलं. त्याला त्या घरच्या पावडरीचा वास होता. गळ्यापाशी, अगदी थोडा, तन्वीचा. तो वास जाईल म्हणून ती क्षणभर थांबली, मग स्वेटर बुडवलं. कॉलरला ब्रश लावला, बाहीवरचा शाईचा डाग चोळून काढला. पिळताना मात्र हात सैल सोडले. आणि ते तीन कपडे गच्चीवर न नेता मागच्या व्हरांड्यातल्या दोरीवर टाकले. तिथे ऊन कधी येत नसे.

खालच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीण शांताताई तिळाची वाटी द्यायला वर आल्या. दोरीकडे बघून म्हणाल्या, गच्चीवर इतकं छान ऊन पडलंय आणि पोरीचे कपडे इथे कशाला? वर वारा फार आहे, उडून जातील, असं मंजिरीने सांगितलं. शांताताईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि दुसरा काही विषय काढला.

मग ती गुळाच्या पोळ्यांना लागली. तन्वी थोडा वेळ लाटण्याशी खेळली, थोडा वेळ घरात इकडेतिकडे करत राहिली. जेवणं झाली. दोघी पत्ते खेळल्या. तन्वी तीनदा जिंकली, त्यातल्या दोनदा मंजिरीने तिला जिंकू दिलं.

साडेतीन वाजता मंजिरीने फोन घेतला आणि अभिरामसाठी निरोप लिहिला. युनिफॉर्म अजून ओला आहे. उद्या शाळेत मीच सोडते. पाठवण्याआधी, निदान खोटं तरी नको, म्हणून ती कपड्यांना हात लावून बघायला व्हरांड्यात गेली.

दोरी रिकामी होती.

ती आत आली. तन्वी पलंगावर बसून आपली बॅग भरत होती. शर्ट, स्कर्ट, स्वेटर, तिन्हींच्या वेड्यावाकड्या घड्या बाजूला ठेवलेल्या. मंजिरीने शर्टावर हात ठेवला. तो कोरडा होता, उन्हाने अजून कोमट होता.

"तू नेलेस हे गच्चीवर?"

तन्वीने मान हलवली. "इथे सूखत नव्हते," ती शाळेतली हिंदी मिसळत म्हणाली.

"मी बघितलं असतं ना, राजा. नसते वाळले तर राहिली असतीस आजच्या दिवस."

तन्वी बॅगेच्या चेनशी चाळा करत राहिली. आई रागावली की काय, हे तिने एकदा वर बघून ताडलं.

"पिछली बार राहिले ना मी," ती म्हणाली, "तर आजी पापांना म्हणाली, तिच्याने एक युनिफॉर्म वाळवणं होत नाही, पाठवूच नकोस आता." आणि मग मोठ्या माणसाने लहानाला समजवावं तशी, हळूच, "सूखा रहेगा तो भेजेंगे ना, आई."

मंजिरीने फोनमधला निरोप पुसून टाकला. स्वेटरच्या बाह्यांची टोकं तेवढी दमट राहिली होती. तिने इस्त्री तापवली, वरून सुती फडकं टाकून ती टोकं दाबली. मग शर्टाला इस्त्री केली, स्कर्टच्या एकेका चुणीला केली. तन्वी शेजारी उभी राहून बघत होती.

पाचाला पाच मिनिटं असताना गल्लीत अभिरामच्या स्कूटरचा हॉर्न वाजला. मंजिरी बॅग घेऊन खाली गेली. युनिफॉर्म वाळला का, असं त्याने विचारलं. वाळला, इस्त्रीपण केलीय, असं तिने सांगितलं. तन्वी मागे बसली, बापाच्या कमरेला धरलं, आणि माधवगंजच्या वळणावर स्कूटर दिसेनाशी होईपर्यंत मान वळवून मागे बघत राहिली.

चादरी अजून वरच होत्या. ऊन उतरण्याआधी काढायला म्हणून मंजिरी गच्चीवर गेली. कठड्याजवळच्या तारेवर, जिथे ऊन सगळ्यांत शेवटपर्यंत टिकतं, फक्त चिमटे राहिले होते. तारेखाली तिची धुण्याची बादली पालथी घातलेली होती आणि बादलीवर दोन विटा रचलेल्या होत्या.

तिने नजरेने अंतर मोजलं. एवढ्यावर चढूनही सात वर्षांच्या पोरीचा हात त्या तारेला लागला नसता. तिने टाचा उचलल्या असणार. टाकताना तीनदा, काढताना तीनदा.