दोष किती टक्के

कुबातच्या उजव्या हाताची तीन बोटं प्लास्टरमध्ये होती, आणि त्यात दोष कुणाचा आणि किती टक्के, हे ठरवायला मॅनेजरच्या खोलीत तीन माणसं बसली होती. कुबात उभा होता. चहा आला होता. चहाबरोबर ताटलीत एक नानही आला होता, या कारखान्यातच भाजलेला, तीळ लावलेला, चांगली बाजू वर करून ठेवलेला. तो अजून कुणी मोडला नव्हता. ओश शहरातून आलेल्या सरकारी तपासनीस बुरुल एजेंनी सांगूनच टाकलं होतं, की निकालाआधी कारखान्याचं काही खायचं नाही. वयाने मोठ्या बाईला सगळे एजे, म्हणजे ताई म्हणत, आणि मोठ्या पुरुषाला बाइके, म्हणजे दादा.

"शंभर टक्के त्याचाच दोष," मॅनेजर रिसबेक बाइके म्हणाले. "चालत्या पट्ट्यात हात घालतं का कुणी?"

"वीस," युनियनचे जुमाश बाइके म्हणाले. "रोलरवर जाळी नव्हती."

"जाळी मागवलीय."

"कधी?"

"मागवलीय म्हटलं ना! नव्वद."

"पंचवीस."

बाहेरून कुणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, आत मेंढा विकतायत. खुद्द कुबातलाही क्षणभर वाटलं, आता कुणीतरी येऊन चरबी किती आहे ते आपलं शेपूट चाचपून बघणार. हसू आलं ते त्याने दाबलं. दोषाचा आकडा जेवढा वर जाईल तेवढी भरपाई खाली येणार होती, आणि बोटं जुळेपर्यंत घरची चूल त्या भरपाईवरच पेटायची होती.

तसे अपघात या कारखान्याला नवे नव्हते. पिठाचं पोतं पायावर पडायचं, पाठीत उसण भरायची. भट्टीवरच्या माणसाला भुवया असल्या तर तो नवीन आहे असं समजायचं. पण भुवयांसाठी कुणी अर्ज केला नव्हता. भुवया परत येतात. बोटांचा भरवसा नसतो.

"बाळा," बुरुल एजेंनी चष्म्यावरून विचारलं, "पट्टा थांबवायचं बटण कुठे असतं?"

"भिंतीवर, एजे."

"मग ते दाबायचं सोडून हात कशाला घातलास?"

"नान पडत होता, एजे."

"ते इथे लिहिलंय. पण का?"

कुबातला प्रश्नच कळेना. "पडत होता," तो पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने, न जाणो एजेंना कमी ऐकू येत असेल.

"हेच ते!" रिसबेक बाइके उसळले. "नान पट्ट्यावर लावायचे, एवढंच याचं काम. पडलेलं उचलणं याच्या कामात येत नाही. एखादा पडला तर पडू द्यावा की!" नान जमिनीवर पडू देणं म्हणजे पाप; बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली आणि घाईघाईने "तोबा, तोबा" पुटपुटले.

एजेंनी पेन उचललं. "पडू द्यावा, असं लिहू?"

"लिहा... पण तोबासकट लिहा."

एजेंनी लिहायला कागद पुढे ओढला. कागदाने पेला ढकलला, पेल्याने ताटली. ताटली कलंडली, नान कडेवर उभा राहिला, थोडा विचार केल्यासारखा थबकला आणि चाकासारखा टेबलाच्या टोकाकडे निघाला.

कुणी कुणाला सांगितलं नाही. चौघंही एकदम झेपावले. खोलीत कलिंगडावर कलिंगड आपटावं तसा आवाज झाला.

"जमिनीला लागला का?" टेबलाखालून जुमाश बाइकेंनी विचारलं.

"नाही," कुबात म्हणाला. नान त्याच्या प्लास्टरवर होता.

रिसबेक बाइकेंनी तो दोन्ही हातांनी उचलला, ओठांना लावला आणि रीतीप्रमाणे कपाळाला टेकवला. कपाळावर तोवर जर्दाळूएवढं टेंगूळ आलं होतं. "ओय," ते म्हणाले. एजेंच्या चष्म्याची एक काडी निघून कुबातच्या खिशात अडकली होती. उठायची घाई कुणालाच दिसेना.

"रिसबेक बाइके," एजे जमिनीवरूनच म्हणाल्या, "टेबलावरून पडलेलं उचलणं तुमच्या कामात येतं का हो?"

"नाही."

"मग?"

बाइकेंनी हातातला नान उलटसुलट करून बघितला.

"पडत होता," ते म्हणाले.

एजेंनी हात वर करून टेबल चाचपलं, कागद खाली ओढला आणि मांडीवर ठेवला. "बोला. कामगाराचा दोष किती?"

"शून्य."

"पंधरा!" जुमाश बाइके सवयीने ओरडले, आणि मग त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

"शून्य," रिसबेक बाइके पुन्हा म्हणाले. "आणि जाळी खरोखरच मागवतो."

एजेंनी सही केली. आता नान मोडायला हरकत नव्हती. रिसबेक बाइकेंनी तो मोडला, सगळ्यांना दिला, शेवटचा तुकडा कुबातपुढे धरला. कुबातने डावा हात पुढे केला आणि लाजून मागे घेतला. नान डाव्या हाताने घेत नाहीत. मग बाइकेंनीच तो तुकडा त्याच्या तोंडात घातला.

"बाइके, तुमचे उपकार..." कुबातने घास गालात सरकवत सुरुवात केली.

"गप. खा." बाइकेंनी आपल्या वाटणीचा तुकडाही त्याच्या तोंडात कोंबला.

प्लास्टरवर दोन-चार तीळ चिकटून राहिले होते. तेही खाली पडू नयेत म्हणून कुबात प्लास्टरचा हात छातीशी धरून, मान जरा लववून घरी निघाला. बाजारातल्या लोकांना वाटलं, हा आज दिसेल त्याचे आभार मानत चाललाय. त्यांनीही छातीवर हात ठेवून माना लववल्या.