हेड नाय

कोर्टाकडे निघालेली जेलची जीप सरकारी दवाखान्यासमोरच्या हॉटेलाशी थांबली. हेड कॉन्स्टेबल गोकुळदासला भूक लागली होती. त्याच्या डाव्या मनगटाला बेडीने कैदी बाबली जोडलेला, म्हणून तोही फरफटत बाकावर येऊन बसला. गोकुळदासने टोपी काढून टेबलावर ठेवली आणि एका हाताने भाजी-पाव खायला घेतला.

बाबलीची आई शेवंती सुर्ल्याहून पहिल्या बसने येऊन तिथेच वाट बघत होती. तिने लेकाकडे बघितलं. नाकाडोळ्यांतून पाणी, पाय थरथरताहेत, शर्टावर ओकारीचे डाग. गर्दची नशा सोडून हा पोरगा समोरच्याच दवाखान्यात रोज जिभेखाली त्यावरची गोळी घेत होता. चांगला माणसांत आला होता. मग चोरीच्या जुन्या केसमध्ये आत गेला आणि गोळी बंद झाली.

"हवालदारानू, दवाखानो समोरच असा. तुमचा खावन होयसर तो गुळी घेवन येतलो."

"मावशे, ही गाडी कोर्टाच्या खर्चाच्या हेडातली. दवाखान्याक व्हरूक वेगळो हेड लागता. त्या हेडात पैसो नाय."

"आणि जेलात गुळी?"

"तेचो तर हेडच नाय."

"रस्तो वलांडूक हेड लागता?"

"सरकाराचा तसाच असता गे." त्याने पाव भाजीत बुडवला.

गोकुळदास काही दुष्ट माणूस नव्हता. शेवंतीला त्याचाच जास्त संताप आला. दुष्ट असता तर चार शिव्या हासडून मोकळी झाली असती.

"आये, रवांदे," बाबली पुटपुटला आणि बाकाखाली ओकला. गोकुळदासने आपली ताटली उचलून पलीकडे ठेवली. बस, शेवंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हेड नाय?" ती ओरडली. "हेडच नाय, तर ही टोपी खंय घालतास?"

आणि टेबलावरची टोपी उचलून ती तरातरा निघाली, रस्ता ओलांडून थेट दवाखान्यात.

बोडक्या डोक्याने कोर्टात उभं राहायची सोय नव्हती. "आगे, आगे!" करत गोकुळदास मागे धावला आणि बेडीबरोबर ठेचकाळत बाबलीही रस्त्यापार गेला. हॉटेलातली माणसं खो खो हसली.

गोळीच्या खिडकीशी शेवंती टोपी पदराखाली धरून उभी होती. सिस्टर सुमंगलाने बाबलीला ओळखलं. तिने बेडीकडे बघितलं, काही न विचारता कपाट उघडलं आणि त्याच्या जिभेखाली गोळी ठेवली.

"विरघळेपर्यंत बोलू नको."

बाबली भिंतीला टेकला. त्याने डोळे मिटले.

"दी आता टोपी," बऱ्याच वेळाने गोकुळदास हळूच म्हणाला.

शेवंतीने टोपी पदराने पुसली आणि त्याच्या हातात दिली.

"आज टोपी गावली," ती म्हणाली. "गुळी तेका रोज लागता. फाल्या काय चोरू?"