काकांची निवड

नमुने तपासायचं ते जुनं यंत्र काकांशिवाय कुणाला दाद देत नसे. काका निवृत्त होणार म्हणून विद्यापीठानं तंत्रज्ञाची जागा भरायला काढली आणि निवड समितीवर काकांनाच बसवलं. मुलाखतीला आलेल्या एका मुलीनं नुसत्या आवाजावरून यंत्राचं दुखणं ओळखलं आणि बघता बघता ते सुरू केलं. काकांच्या पोटात दुखलं. "फार आगाऊ वाटते," म्हणत त्यांनी तिला बाद केलं आणि त्यातल्या त्यात धांदरट मुलगा निवडला. आता हा रोज घोळ घालणार, रोज आपल्याला फोन येणार!

फोन काही येईना. शेवटी चष्म्याची डबी राहिल्याचं निमित्त काढून काका प्रयोगशाळेत गेले. यंत्रावर चादर होती, चादरीवर चहाचे कप.

"पहिल्याच दिवशी बंद पडलं, काका," मुलगा म्हणाला.

काकांचा चेहरा खुलला. "मग मला फोन नाही का करायचा?"

"तुम्हाला कशाला त्रास? मुलाखतीला आलेली ती मुलगी समोरच्या कॉलेजात लागलीय. सकाळी नमुने दिले की दुपारी रिपोर्ट हातात. सर म्हणतात, इतकी वर्षं आपण उगाच आठ-आठ दिवस थांबत होतो."