देव्हाऱ्यातलं लॉकेट

केतकीच्या आई देव्हाऱ्यात केतकीलाच हळदकुंकू वाहत होत्या.

वाढदिवसाला मी पितळेच्या पत्र्यावर केतकीचा चेहरा ठोकून तिला लॉकेट दिलं होतं. तोंडाने ‘आवडतेस’ म्हणायला जमत नव्हतं, म्हणून हातोडीने म्हटलं. फक्त डोळे जरा जास्तच वटारलेले आले. काकूंना ते टेबलावर सापडलं आणि कुलदेवीचा टाक समजून त्यांनी सरळ देवांत बसवलं.

“खरं सांग ना त्यांना,” मी कुजबुजलो.

“वेडा आहेस का? रात्री उशीर झाला म्हणून आई मला झापते आणि सकाळी माझ्याच पाया पडते. हे सुख सोडू?”

म्हणजे लॉकेट तिच्या गळ्यात जाणार नव्हतं आणि माझं म्हणणं तिला कळलं की नाही, हेही मला कळणार नव्हतं.

काकू आरतीचं तबक घेऊन बाहेर आल्या. “हा टाक तू घडवलास म्हणे! काय तेज आहे चेहऱ्यावर! पण देवी एकटी बरी दिसत नाही रे. शेजारी एक देव करून दे.”

“देवाचा चेहरा कसा करू, काकू?”

केतकी प्रसादाचा पेढा खात म्हणाली, “नाक मोठं ठेव. कान बाहेर आलेले. आरशात बघून कर.”